आवाज येतो, शब्द येत नाहीत

घरभेटीला निघालेल्या धर्मगुरूपुढे लोक नाना प्रकारची गाऱ्हाणी मांडतात. कुणाच्या सातबाऱ्यावर चुलत्याचे नाव राहून गेलेले असते, कुणाच्या विहिरीचे पाणी मचूळ झालेले असते, कुणाचा मुलगा आखातातून परतल्यापासून घुम्यासारखा बसून असतो. गेल्या काही वर्षांत या यादीत एका नव्या गाऱ्हाण्याची भर पडली आहे : "फादर, टीव्हीखालची ती लांब पेटी बोलतच नाही हो. जरा बघता का?" सेमिनरीत शिकत असताना प्रार्थनामंदिरातील ध्वनिक्षेपक आणि ॲम्प्लिफायर यांची देखभाल माझ्याकडे होती. माझी बदली होण्याआधीच ही बातमी नव्या धर्मग्रामात कशी जाऊन पोहोचते, हे मला आजवर न उलगडलेले कोडे आहे. असो. पेटी बघण्याचे निमित्त झाले की घरात तासभर बसायला मिळते आणि त्या तासात माणसे जे बोलतात, ते एरवीच्या दहा मिनिटांच्या भेटीत बोलत नाहीत. म्हणून मी कधी नाही म्हणत नाही.

ही लांब पेटी म्हणजे साउंडबार. ती तरुणांची चैन आहे असे आमच्या काही ज्येष्ठ मंडळींचे मत असते. मला ते पटत नाही. पूर्वीचा काचेच्या नळीचा टीव्ही पोटाने भला मोठा असे. त्याच्या दर्शनी बाजूला, आपल्याकडे तोंड करून, स्पीकर बसवलेला असे. आजचा संच भिंतीवर चित्रासारखा टांगता येतो, इतका तो चपटा झाला आहे. त्यात स्पीकरला जागाच उरलेली नाही. तो बिचारा खाली जमिनीकडे किंवा मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेला असतो. बोलणाऱ्याने आपल्याकडे पाठ फिरवून बोलावे, तसा त्याचा आवाज येतो. तरुण कान ही उणीव भरून काढतात. उतारवयात मात्र कानाची शक्ती कमी होताना प्रथम जातात ते उंच पट्टीचे सूक्ष्म स्वर, आणि स, श, त, फ यांसारखी व्यंजने तेथेच वस्तीला असतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत मजबूत उभे असतात. परिणाम असा की म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण ‘काप’ म्हटले की ‘काच’ म्हटले की ‘कात’, हे कळत नाही. २०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारे बंद झाली, तेव्हापासून घराघरांतील वृद्ध मंडळी पडद्यावर मिस्सा पाहू लागली. दारे पुन्हा उघडली, पण ज्यांचे गुडघे चर्चपर्यंत पोहोचत नाहीत, त्यांच्यासाठी पडदा राहिला तो राहिलाच. तेव्हा या पेटीचा आवाज नीट येणे ही सर्वस्वी चैनीची बाब नव्हे.

बहुतेक घरांत टीव्ही आणि साउंडबार यांच्यामध्ये मला ऑप्टिकल केबल आढळते. शिसपेन्सिलीपेक्षाही बारीक, काळी, हलकी. टोके चौकोनी, मात्र दोन कोपरे कापलेले. दिसायला ती विजेच्या तारेसारखीच. परंतु हिच्यात तांबे नसते, हिच्यातून वीज वाहत नाही. हिच्यातून वाहतो तो प्रकाश. आत एक मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा पारदर्शक धागा असतो. टीव्हीच्या मागच्या छिद्रात एक लहानसा लाल दिवा बसवलेला असतो. तो सेकंदाला लक्षावधी वेळा उघडझाप करतो आणि पलीकडच्या छिद्रातला डोळा ती उघडझाप वाचून तिचा पुन्हा आवाज करतो. टीव्हीचा आवाज साधारणपणे सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो. डाव्या-उजव्या कानांची ही मोजमापे आणि त्यांच्यासोबतच्या खाणाखुणा मिळून दर सेकंदाला सुमारे ३० लाख चिन्हे त्या लाल कवडशातून जातात. त्यामुळे आवाज मोठा झाला म्हणून दिवा प्रखर होत नाही आणि शांतता असली म्हणून तो मालवतही नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

वाकड्या धाग्यातून प्रकाश वळून कसा जातो, असा प्रश्न एका पाचवीतल्या मुलीने मला विचारला होता. मोठ्यांपैकी कुणी विचारला नाही. १८४१ मध्ये जिनीव्हा येथे दानिएल कोलादाँ यांनी आणि १८५४ मध्ये लंडनला जॉन टिंडल यांनी पाण्याच्या धारेतून प्रकाश वळताना लोकांना दाखवला होता. धार खाली वाकते आणि आत शिरलेला प्रकाश धारेच्या आतल्या भिंतीवर आपटत, परावर्तित होत तिच्याबरोबरच खाली येतो. पाण्याच्या जागी काचेचे तंतू घेऊन हे काम पुढे नेणाऱ्यांत आपल्या देशाचा एक सुपुत्र होता. पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदर सिंग कपानी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवले. त्यांचा शोधनिबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केले तेही त्यांनीच. २००९ चे नोबेल पारितोषिक या क्षेत्रासाठी चार्ल्स काओ यांना मिळाले, कपानी यांना नाही. २०२० मध्ये ते निवर्तले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. टीव्हीमागची आपली ही केबल १९८३ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीने आपले सीडी प्लेअर आणि रिसीव्हर जोडण्यासाठी काढली. म्हणून तिला ‘टॉसलिंक’ म्हणतात.

विजेऐवजी प्रकाश वापरण्याचा लाभ काय, हे ज्याने चर्चचा ॲम्प्लिफायर सांभाळला आहे, त्याला समजावून सांगावे लागत नाही. एक यंत्र या भिंतीच्या प्लगवर, दुसरे त्या भिंतीच्या प्लगवर, मध्ये तांब्याची तार. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक असला की त्या तारेतून नको तो प्रवाह वाहू लागतो आणि उपदेशाच्या मागे ‘हुंऽऽ’ असा अखंड सूर लागतो. ऑप्टिकल केबलने जोडलेल्या यंत्रांमध्ये विजेचा संबंधच नसल्यामुळे हा सूर तिच्यातून येऊ शकत नाही. (पावसाळ्यात वीज कडाडू लागली की प्लग मात्र अवश्य काढावेत. केबलमधून धक्का येणार नाही, भिंतीतून येईल.)

आता मुख्य गाऱ्हाण्याकडे येऊ. पेटी बोलत नाही म्हटल्यावर घरातली माणसे पहिला दोष देतात तो केबलला. ती स्वस्त असते, बदलता येते, आणि दुकानदारही तेच सुचवतो. आमच्या एका धर्मग्रामवासीयाने अशा तीन केबल विकत आणल्या होत्या. तिसरी तर चांगली किमतीची, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेली. सोन्यातून वीज उत्तम वाहते हे खरे, पण येथे वीज वाहतेच कुठे? प्रकाशाला त्या मुलाम्याचे काय सोयरसुतक! शिवाय अशी केबल कमकुवत झाली तर आवाज पुसट किंवा घोगरा होत नाही. तो तुटकतुटक येतो, टकटकतो किंवा एकदम नाहीसा होतो. महाग केबलने आवाज ‘गोड’ होतो असे कुणी सांगितले तर नम्रपणे हसावे आणि पाकीट खिशात ठेवावे.

माझा अनुभव असा की केबल स्वतः क्वचितच दोषी असते. दोष असतो तो तिच्या दोन टोकांशी. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर नखाएवढ्या टोप्या चढवलेल्या असतात. त्या पारदर्शक असल्यामुळे केबलचाच भाग वाटतात आणि लोक त्या तशाच ठेवून केबल छिद्रात कोंबतात. टोपी काढावी. मग टोकाचे कापलेले कोपरे आणि छिद्राचा आकार जुळवून, जोर न लावता, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ते आत सारावे. हा ‘टक्’ महत्त्वाचा. पुष्कळ वेळा टोक अर्धेच बसलेले असते आणि झाडूचा धक्का लागला की सैल होते. छिद्रावर एक इवलेसे झाकण असते, ते आपसूक आत उघडते. टोक उलटे धरून रेटल्यास ते मोडते आणि त्याचे तुकडे आतच अडकून प्रकाश अडवतात. टोकावर धूळ असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसावे, तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर ओल जाते.

एवढे झाले की मी घरातल्या सर्वांत लहान मुलाला जवळ बोलावतो. केबलचे एक टोक टीव्हीत, टीव्ही चालू, आणि दुसरे टोक साउंडबारमधून काढून त्याच्या तळहातावर धरायचे. डोळ्यांत रोखून बघायचे नाही, तळहातावरच पाहायचे. खिडकीचा पडदा ओढला की तळहातावर लाल ठिपका उमटतो. मुलाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो! हा ठिपका म्हणजे निम्मे निदान. ठिपका उमटला तर टीव्ही बोलतो आहे, केबल वाहून नेते आहे, आणि आपण टीव्हीकडे पाठ फिरवून साउंडबारकडे वळण्यास मोकळे झालो. ठिपका नसेल तर साउंडबारचा विचारसुद्धा करू नये.

ठिपका नसला की टीव्हीच्या मेनूत शिरावे लागते. ‘साउंड’ या भागात ‘साउंड आउटपुट’ किंवा ‘स्पीकर’ अशी ओळ असते; तेथे टीव्हीचा स्वतःचा स्पीकर निवडलेला असेल तर ते बदलून ‘ऑप्टिकल’ करावे. काही संचांवर याच गोष्टीला ‘एस्‌पीडीआयएफ’ असे अवघड नाव दिलेले असते. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या पद्धतीचे ते लघुरूप आहे. त्याला घाबरण्याचे कारण नाही. तरीही प्रकाश आला नाही, तर केबलची टोके अदलाबदल करून पाहावीत आणि कपाटामागे ती कुठे चिमटली तर नाही ना, हे पाहावे. काटकोनात मोडलेल्या प्लॅस्टिकच्या धाग्यातून प्रकाश वळत नाही, बाहेर सांडतो. वळण निदान मोसंबीच्या गोलाईचे असावे. लांबीचेही तसेच. पाच मीटरपर्यंत निर्धास्त असावे, दहा मीटरपुढे आशा धरू नये.

आणि ठिपका असूनही पेटी मुकी असेल तर ती भलतीकडेच कान लावून बसलेली असते. साउंडबारला अनेक दारे असतात. ब्लूटूथचे एक, पेनड्राइव्हचे एक, ऑप्टिकलचे एक. एका वेळी ती एकाच दाराशी उभी राहते. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते; ती परत आली की काही साउंडबार पुन्हा ब्लूटूथच्या दाराशी जाऊन उभे राहतात. रिमोटवरचे ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण दाबत दाबत ‘ऑप्टिकल’, ‘ओपीटी’ अथवा ‘डी इन’ अशी अक्षरे येईपर्यंत थांबावे. निम्म्याहून अधिक घरांत माझे काम येथेच संपते आणि चहा येतो.

याहून चकवणारी तक्रार वेगळी आहे. बातम्या ऐकू येतात, मालिका ऐकू येते, पण एखादा चित्रपट लावला की पेटी मुकी होते. किंवा नुसतीच खरखर करते. अशा वेळी घरात भूतबाधेपर्यंत चर्चा जाते. वस्तुतः येथे प्रकाश व्यवस्थित पोहोचत असतो, पण भाषा समजत नसते. वसईच्या वाचकाला हे पटकन कळेल. वाडवळी बोलणारी नवी सून सामवेदी घरात आली की पहिले काही दिवस तिला कानाने सगळे ऐकू येते, तरी समजत मात्र काही नाही. टीव्हीतून आवाज दोन प्रकारे पाठवता येतो. एक साधा, उलगडलेला. त्याला पीसीएम म्हणतात आणि तो प्रत्येक साउंडबारला समजतो. दुसरा घडी घालून बांधलेला, पाच-सहा दिशांचा आवाज एका गाठोड्यात घेतलेला; डॉल्बी डिजिटल हा त्यांतला प्रसिद्ध प्रकार. ही घडी सोडवण्याची सोय साउंडबारमध्ये नसेल तर तो गप्प बसतो. चित्रपट पुष्कळदा गाठोड्याने येतात, बातम्या साध्या येतात. म्हणून एक ऐकू येते आणि दुसरे नाही. उपाय अगदी सोपा आहे. टीव्हीच्या मेनूत ‘डिजिटल ऑडिओ आउट’ किंवा ‘फॉरमॅट’ अशी ओळ शोधावी, तेथे ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ अथवा ‘पास थ्रू’ लिहिलेले असेल, ते बदलून ‘पीसीएम’ करावे. मग गाठोडे टीव्हीच सोडवतो आणि साधा आवाज पुढे पाठवतो. चारी बाजूंनी आवाज येण्याची मौज तेवढी जाते. दोन खोल्यांच्या घरात ती तशीही फारशी नसते.

एका घरी मात्र यांपैकी काहीच बिघडलेले नव्हते. मला कुणी पेटी बघायला बोलावलेही नव्हते. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींना मी दर महिन्याला प्रभुभोजन घेऊन जात असे. त्यांचे कान ‘गेले’ असे सुनेने दाराशीच हळू आवाजात सांगितले. सहा महिन्यांपूर्वी मुलाने मोठा टीव्ही आणि साउंडबार आणला, तरी त्यांना काही कळत नाही. आवाज वाढवून वाढवून शेजारी बोलू लागले. डॉक्टरांनी तपासून उंच स्वर कमी ऐकू येतात असे सांगितले, यंत्रही घेतले, ते त्या खणात ठेवून देतात. संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसले की आजी उठून ओटीवर जाऊन बसतात. "आता आम्हीही त्यांना फारसे काही सांगत बसत नाही, फादर," ती म्हणाली. त्यात कठोरपणा नव्हता, थकवा होता. जिला सांगितलेले कळत नाही, तिला घरातले लोक हळूहळू सांगणे सोडून देतात. लग्न कुणाचे ठरले, शेत कुणी विकले, नातवाला नोकरी कुठे लागते आहे, हे तिच्या डोक्यावरून जाऊ लागते. मी अशी माणसे पुष्कळ पाहिली आहेत. घरात राहून ती घराबाहेर गेलेली असतात.

आजींजवळ ओटीवर बसून मी साध्या आवाजात विचारले, "आजी, यंदा चिंचा झोडल्या की नाही?"

"कसल्या झोडतात, फादर! चढायला माणूस मिळत नाही," त्यांनी तत्काळ उत्तर दिले.

मी उठून आत गेलो आणि उंबरठ्यावरून पुन्हा काही विचारले. तेही त्यांना बहुतेक समजले. मग टीव्हीचे काय, असे विचारताच त्या म्हणाल्या, "आवाज येतो, शब्द येत नाहीत." हेच वाक्य त्या सहा महिने घरात सांगत होत्या. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘ऐकू येत नाही’ असा लावला होता.

मी टीव्ही लावायला सांगितला. बातम्या लागल्या, आणि ऐकताक्षणी मला आमचे जुने चर्च आठवले. लांबलचक दगडी इमारत, वेदीजवळ एक भोंगा आणि मागच्या खांबावर दुसरा. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला जवळच्या भोंग्यातून शब्द लगेच ऐकू येतो आणि तीस मीटर दूर असलेल्या पुढच्या भोंग्यातला तोच शब्द सुमारे सेकंदाच्या अकराव्या भागानंतर येऊन त्यावर पडतो. शब्दावर शब्द पडला की स्वर एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि व्यंजने पुसली जातात. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये ग्योटिंगेन येथील आपल्या प्रबंधात हाच विषय अभ्यासला होता. दुसरा आवाज काही थोड्या सहस्रांश सेकंदांनी मागून आला तर कान दोन्ही आवाज एकच मानतो. पण अंतर पन्नास सहस्रांशांच्या आसपास किंवा त्यापलीकडे गेले की तो प्रतिध्वनी होतो आणि बोलणे कळेनासे होते. तरुण कान त्यातूनही वाट काढतो. उंच स्वर गमावलेल्या कानाला ते जमत नाही.

त्या घरात टीव्हीचा स्पीकर आणि साउंडबार असे दोन्ही एकाच वेळी बोलत होते. टीव्ही आपल्या स्पीकरचा आवाज चित्राशी जुळवून सोडतो. केबलमधून गेलेला आवाज साउंडबार आपल्या सवडीने, स्वतःचे संस्कार करून सोडतो. दोघांत सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडू शकतो. मेनूत पाहिले तो ‘ऑप्टिकल आणि टीव्ही स्पीकर’ असे जोडनाव निवडलेले. नातवाला विचारले. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. "मीच ठेवलं, फादर. दोन्हीकडून आवाज आला तर आजीला जास्त ऐकू येईल, असं वाटलं." मुलाचा हेतू किती निर्मळ होता! आजीला ऐकू यावे म्हणून त्याने जे केले, त्यानेच तिचे ऐकणे बंद पडले होते. आणि तिला ऐकू येत नाही असे दिसताच घरच्यांनी आवाज वाढवला, त्याबरोबर गोंधळही वाढला.

मी त्याच्याकडूनच ‘ऑप्टिकल’ एवढेच ठेवून घेतले. टीव्हीचा स्पीकर बंद झाला. आजी ओटीवरच होत्या. बातम्या सांगणाऱ्या बाईचे दोन-तीन वाक्यांचे निवेदन झाले असेल, तोच बाहेरून त्यांचा आवाज आला, "अरे बाबा, केवढ्याने लावलंय! कमी कर जरा, शेजारी काय म्हणतील?"

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने ओटीवरची खुर्ची उचलून आत आणली.

या प्रसंगाचा कुणी असा अर्थ काढू नये की डॉक्टरांचे निदान चुकले होते. त्यांचे बरोबरच होते. उंच स्वर आजींना कमीच ऐकू येतात, आणि खणातले यंत्र बाहेर काढून कानात घालावे म्हणून मी पुढे तीन भेटींत आग्रह धरला. यंत्रानेही प्रतिध्वनी दूर होत नाही, तो मोठा होतो. घरात असा गोंधळ असताना त्यांनी ते काढून ठेवले यात नवल नव्हते. आता त्या ते घालतात. निदान मी गेलो की घातलेले असते.

दोन बारीक गोष्टी सांगायच्या राहिल्या. बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत, ही तक्रारही वृद्धांसाठी महत्त्वाची असते, कारण कमी ऐकणारी माणसे नकळत ओठ वाचत असतात. आवाज आधी आणि चित्र मागून येत असेल तर टीव्ही किंवा साउंडबार यांच्या मेनूतील ‘डिले’ अथवा ‘सिंक’ थोडे थोडे वाढवावे. आवाज मागून येत असेल तर ते शून्यावर आणावे आणि साउंडबारची ‘सराउंड’सारखी सजावट बंद करावी. ‘व्हॉइस’ किंवा ‘न्यूज’ असे बटण असेल तर तेच लावून ठेवावे.

दुसरी गोष्ट रिमोटची. ऑप्टिकल केबल आवाज नेते, आज्ञा नेत नाही. त्यामुळे टीव्हीच्या रिमोटवर आवाज कमीजास्त केला तरी बहुतेक घरांत साउंडबारवर परिणाम होत नाही, आणि वृद्ध माणूस जुने बटण दाबत राहतो. एचडीएमआयच्या तारेत आवाज उलट दिशेने साउंडबारकडे पाठवण्याची ‘एआरसी’ नावाची सोय २००९ पासून आली आहे. दोन्ही यंत्रांवर तशी अक्षरे असलेली छिद्रे असतील तर त्या तारेने जोडावे, म्हणजे एकाच रिमोटवर भागते. काही साउंडबारना टीव्हीच्या रिमोटची खूण शिकवता येते. हे काहीच नसेल तर दोन रिमोट आले. आजींच्या घरी दोनच आहेत. सुनेने साउंडबारच्या रिमोटवर आवाजाच्या दोन बटणांना नेलपॉलिश लावले आहे, वाढवायला लाल आणि कमी करायला गुलाबी. परवा गेलो तेव्हा गुलाबी बराचसा झिजलेला होता.